बीकॉमनंतर ८५ हजारांचा फायनान्सचा सर्टिफिकेट कोर्स : करू द्यावा का?

सिडकोचा मामा
मंडळी, सल्ला हवाय. भाची यंदा टीवाय बीकॉमला आहे. अभ्यासात बरी, आकड्यांची भीती नाही. गेल्या शनिवारी तिच्यासोबत गंगापूर रोडच्या एका क्लासात 'फ्री सेमिनार'ला जाऊन आलो. एसी, कॉफी, भिंतीवर टाय लावलेल्या मुलांचे फोटो. सहा महिन्यांचा कोर्स. इन्व्हेस्टमेंट बँकिंग, फायनान्शियल मॉडेलिंग, ट्रेडिंग, एआय, सगळं एकाच ताटात वाढलेलं. फी ८५ हजार, वर जीएसटी. '१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स'. बाहेर पडायच्या आत ५ हजार टोकन भरून मोकळे झालो, कारण सीट दोनच उरल्या होत्या.

दाजी सातपूरला कंपनीत आहेत, वर्षभर ओव्हरटाइम केला तर एवढे पैसे बाजूला पडतात. ताई म्हणते पोरीचं भलं होत असेल तर भरू. मला एवढंच विचारायचंय की असल्या सर्टिफिकेटांनी कुणाची खरंच नोकरी लागलीये का?

नोटांचं गाव
नाशिकच्या पोरीला फायनान्समध्ये जायला सर्टिफिकेट कशाला? नाशिकरोडला करन्सी नोट प्रेस १९२८ पासून चालू आहे. थेट उत्पादन खात्यात घुसायचं!

(गंमत म्हणून घ्या. वडील प्रेसमध्येच होते. आयुष्यभर कोऱ्या नोटांचे गठ्ठे पाहिले आणि महिनाअखेरीला आईच्या डब्यातून उसने घ्यायचे.)

वाचनमात्र बबन
'सीट दोनच उरल्या होत्या' वाचून हसून हसून पुरेवाट. मी २०१६ ला गेलो होतो तेव्हाही दोनच होत्या. कुणीतरी बसवा रे त्या सीटांवर.

ताळेबंद
मामा, 'सर्टिफिकेट' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. त्या आधी वेगळ्या करा.

पहिली वस्तू म्हणजे परवाना. म्युच्युअल फंड विकायचे असतील तर एनआयएसएम या संस्थेची सिरीज ५-ए ही परीक्षा पास व्हावीच लागते, त्याशिवाय एआरएन नंबर (विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक) मिळत नाही. ब्रोकरकडे डेरिव्हेटिव्हच्या (फ्युचर्स-ऑप्शनच्या) डीलिंगला बसायचं तर सिरीज ८. रिसर्च ॲनालिस्टच्या कामाला सिरीज १५. विम्याच्या एजंटला आयसी-३८. इथे सर्टिफिकेट उपयोगी आहे का हा प्रश्नच नाही, ते नसेल तर त्या खुर्चीत बसता येत नाही. आणि या परीक्षा स्वस्त आहेत. ५-ए ची फी दीड हजाराच्या आसपास, १०० प्रश्न, दोन तास, ५० टक्क्यांना पास. वर्कबुक एनआयएसएमच्या साइटवर फुकट मिळतं. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं.

दुसरी वस्तू म्हणजे क्लासने स्वतःच छापलेलं सर्टिफिकेट. ते कुठल्याही नियमात लागत नाही. त्यामागे शिकवणं चांगलं असेल तर शिकवण्याचे पैसे द्या. कागदाचे देऊ नका.

मी सीए आहे. आमच्याकडे आर्टिकलशिपला (सीए होण्याआधीच्या उमेदवारीला) मुलं येतात तेव्हा भिंतीवर काय लावलंय हे मी आजवर विचारलेलं नाही.

गोदाकाठची
+१ ताळेबंद. एनआयएसएम ही सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, काढलेली आहे हे त्या सेमिनारमध्ये सांगितलं होतं का मामा? आमच्या वेळी 'सेबी ॲफिलिएटेड कोर्स' असं मोघम सांगून तीच ५-ए ची परीक्षा १२ हजारांना विकली होती.

सिडकोचा मामा
'सेबी अलाइन्ड' असा शब्द होता. मला वाटलं मान्यताप्राप्त.

वाचनमात्र बबन
मीपण बायकोच्या मताशी अलाइन्ड आहे. मान्यता अजून मिळालेली नाही.

एआरएनधारक
५-ए पास होऊन काय होतं ते माझ्याकडून ऐका. २०१८ ला परीक्षा दिली, पहिल्या फटक्यात पास, आईने पेढे वाटले. मग एआरएन आला आणि फोन काही वाजेना. वाजणार तरी कसा, नंबर कुणाला माहीत होता? पहिली एसआयपी मिळाली ती मावसभावाची, महिना ५ हजारांची. वर्षाला साधारण ०.८ टक्के ट्रेल, म्हणजे शिल्लक रकमेवरचं कमिशन, धरा. पैसे हळूहळू साठतात, म्हणजे पहिल्या वर्षी सरासरी शिल्लक ३२-३३ हजार. त्यावर माझ्या हातात आले वर्षभराचे २६० रुपये. त्या मावसभावाने त्याच वर्षी माझ्याकडून त्याहून जास्त चहा प्यायला.

आज बरं चाललंय, तक्रार नाही. पण पहिली तीन वर्षं घर बायकोच्या पगारावर चाललं. परीक्षा दोन तासांची होती, धंद्याची तीन वर्षं.

क्रेडिटवाली
जरा वेगळं मत मांडते. पंचवटी एक्सप्रेसचा पास काढून दोन वर्षं नाशिक-मुंबई केलंय, आता मुंबईतच एका मोठ्या कंपनीत क्रेडिट रिस्कमध्ये (कर्ज बुडायची जोखीम मोजायच्या कामात) आहे. माझं बीकॉम नाशिकचं, कॉलेजचं नाव मुंबईत कुणी ऐकलेलं नाही. मला एफआरएम या जोखीम व्यवस्थापनाच्या जागतिक परीक्षेचा फायदा झाला. दोन भाग आहेत, पहिल्यात १०० प्रश्न, दुसऱ्यात ८०. पहिला भाग पास झाल्यावर आधी जिथून उत्तरही येत नव्हतं तिथून फोन यायला लागले. लहान गावातल्या मुलीकडे नामांकित कॉलेजचा शिक्का नसतो, बाबांची ओळख नसते. बाहेरच्या, सगळ्या जगात एकसारख्या परीक्षेचा निकाल हाच तिचा शिक्का. सीएंना ते कळणार नाही, कारण 'सीए' ही दोन अक्षरं हाच एक मोठा शिक्का आहे!

ताळेबंद
मान्य. शेवटचं वाक्य लागलं, पण मान्य. मी क्लासच्या घरगुती सर्टिफिकेटाबद्दल बोलत होतो. एफआरएम, सीएफए (गुंतवणुकीची जागतिक परीक्षा, तीन लेव्हलची) वेगळ्या जातकुळीचे आहेत.

लेव्हल एकचा बळी
सीएफएचं नाव निघालंच आहे तर. लेव्हल एक पास, पुढे दोनदा आपटलो, सोडलं. फी डॉलरमध्ये, एका लेव्हलला हजार डॉलरच्या वरच धरून चाला. मी बसलो तेव्हा पासपोर्ट लागला होता, परदेशी जायला म्हणून नव्हे, परीक्षेच्या हॉलमध्ये शिरायला! पासपोर्ट त्यासाठीच काढला, आजतागायत त्यावर एकही शिक्का नाही.

तिन्ही लेव्हल झाल्या तरी चार्टर, म्हणजे नावापुढे सीएफए लावायचा हक्क, लगेच मिळत नाही. ४ हजार तासांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो, तोही किमान ३६ महिन्यांत. म्हणजे ज्या नोकरीसाठी परीक्षा द्यायची, त्या नोकरीचा अनुभव असल्याशिवाय परीक्षेचं फळ नाही. आणि लेव्हल एकवाल्यांनो, नावापुढे 'सीएफए लेव्हल १' लावू नका, संस्थेचा नियम आहे. मी लग्नपत्रिकेत लावलं होतं.

वाचनमात्र बबन
मुलीकडच्यांनी लेव्हल दोनचं विचारलं नाही का?

लेव्हल एकचा बळी
सासरे बँकेत होते. त्यांना वाटलं जेएआयआयबीसारखं काहीतरी असेल, इन्क्रिमेंट लागेल.

नाशिकरोडचे आजोबा
जेएआयआयबी चांगली परीक्षा. भाचीला तीच द्यायला सांगा. माझ्या काळी ती पास झाल्यावर पगारात वाढ व्हायची.

शाखाधिकारी
आजोबा, पगारवाढीचं बरोबर, आजही होते. पण जेएआयआयबी, सीएआयआयबी या आयआयबीएफ या बँकिंगच्या संस्थेच्या परीक्षा बँकेत कामाला असलेल्यांनाच देता येतात. बाहेरच्या विद्यार्थ्याला नाही. बँकेत यायचं तर आयबीपीएस किंवा स्टेट बँकेची परीक्षा. तिथे ८५ हजारांच्या कोर्सला एक मार्कही जास्त नाही.

ऑप्शनवाला ९९
नोकरी नोकरी काय करता. कोर्समध्ये ट्रेडिंग आहे ना, तेवढं शिकून घे म्हणावं. महिन्याला पगाराएवढं घरबसल्या निघतं. मी स्वतः करतो.

एआरएनधारक
सेबीनेच सप्टेंबर २०२४ ला आकडे दिलेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन) करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. भाऊ, तू उरलेल्या ७ मध्ये आहेस का?

ऑप्शनवाला ९९
सध्या शिकतोय.

गोदाकाठची
आणि 'शिक्षण' म्हणत लाइव्ह मार्केट दाखवून टिप्स देणाऱ्यांवर सेबीने जानेवारी २०२५ मध्ये बंधन आणलंय. फक्त शिकवतोय म्हणणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत. मामा, तुमच्या क्लासात ट्रेडिंग 'लाइव्ह' शिकवणार असतील तर हा मुद्दा मोठ्याने विचारा. चेहरा बघण्यासारखा होईल.

भरतीवाली
मी नाशिकमध्येच एका कर्ज देणाऱ्या कंपनीत एचआरला आहे. पडद्यामागचं सांगते. गेल्या वर्षी ऑपरेशन्ससाठी तीन जागा होत्या, अर्ज चारशेच्या वर. चारशे अर्ज कुणी वाचत नाही हो. आम्ही चाळणी लावतो: पदवी, टक्के, एक्सेल, एखादी परीक्षा. म्हणजे सर्टिफिकेट तिथे उपयोगी पडतं, नाही असं नाही. चारशेतून चाळीसात येता येतं.

पण त्यानंतर आमचे साहेब एक काम करतात. लॅपटॉप पुढ्यात ठेवतात. एका शीटमध्ये बँकेचं स्टेटमेंट, दुसऱ्यात आमच्याकडे नोंदलेले हप्ते, अडीच हजार ओळी. "यात जुळत नाहीत ते काढा. पाऊण तास." आणि बाहेर चहाला जातात. बघण्यासारखा प्रकार असतो. 'फायनान्शियल मॉडेलिंग' लिहिलेला मुलगा माउसने एकेक ओळ खाली सरकवत डोळ्यांनी शोधत होता. एकाने व्हीलुकअप (दोन याद्या जुळवायचं एक्सेलचं सूत्र) लावला पण एका शीटमध्ये यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक) टेक्स्ट होता, दुसरीकडे आकडा, सगळीकडे एरर आली, तर तो म्हणे फाइल खराब आहे. ज्या मुलीला घेतलं तिने आधी दोन्ही रकाने सारखे केले, मग जुळवले, आणि वर विचारलं, "सर, एकच यूटीआर दोन कर्जखात्यांना लागलाय, हे मुद्दाम ठेवलंय का?" मुद्दाम नव्हतं ठेवलेलं. खरीच चूक होती, सहा महिने कुणाला दिसली नव्हती.

आता गंमत. तीही असाच ७०-८० हजारांचा कोर्स करून आलेली. मी विचारलं, तिथेच शिकलीस का? तर म्हणाली, एक्सेलचे सर चांगले होते, बाकी पाच महिने पीपीटी.

क्रेडिटवाली
यूटीआरचा टेक्स्ट आणि आकडा! पहिल्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात याच दगडावर ठेचकाळले होते.

क्लासवाला, तुमचा नव्हे
मी क्लास चालवतो (गंगापूर रोडला नाही, आधीच सांगतो). सगळ्यांना एका दोरीने बांधू नका. कॉलेजात तीन वर्षं जर्नल एंट्री वहीत लिहितात, टॅली लॅबमध्ये चार मुलांत एक कॉम्प्युटर. मुलगी आमच्याकडे येते तेव्हा तिला ईमेल नीट लिहिता येत नसतो, मुलाखतीत 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं की घशाला कोरड. तेही आम्ही शिकवतो. एक्सेलचा चांगला मास्तर टिकवायला पगार द्यावा लागतो, जागेचं भाडं आहे. पण एक खरं बोलतो. 'प्लेसमेंट असिस्टन्स' म्हणजे मदत, हमी नव्हे. आमच्याही जाहिरातीत तो शब्द आहे, आणि वाचणारा तो 'गॅरंटी' असा वाचतो हे आम्हाला ठाऊक आहे.

ताळेबंद
शेवटच्या वाक्याबद्दल तुम्हाला दंडवत.

दिंडोरीकर
फी कशी भरायची ते विचारलंत का मामा? 'नो कॉस्ट ईएमआय' असेल तर थांबा. आमच्या चुलतभावाचं सांगतो. क्लासने टॅबवर आधार, पॅन, सेल्फी घेतला, दोन ओटीपी विचारले. याला वाटलं ॲडमिशनचा फॉर्म. तो कर्जाचा होता. कर्ज कंपनीने क्लासला सगळी फी एकरकमी दिली, हप्ते याच्या खात्यातून. चौथ्या महिन्यात क्लासला कुलूप. हप्ते चालूच, कारण कर्ज कंपनी म्हणते आमचा संबंध तुमच्याशी, क्लासशी तुमचं तुम्ही बघा. याने रागाने हप्ते थांबवले आणि सिबिल (कर्जफेडीच्या पतीचा स्कोअर) गडगडला. फायनान्समध्ये करिअर करायला निघाला होता, पहिला थकबाकीदार स्वतःच झाला.

शाखाधिकारी
याची पुढची पायरी फार कुणाला माहीत नसते. सरकारी बँकांच्या भरतीच्या जाहिराती बारीक वाचा, कर्ज किंवा कार्डाची थकबाकी असलेल्या उमेदवाराबद्दल अट असते. परीक्षा पास होऊन नेमणुकीच्या वेळी अडकलेली मुलं आहेत. दिंडोरीकर, भावाला म्हणावं भांडण चालू ठेव, लेखी तक्रार कर, पण हप्ता भर आणि खातं बंद झाल्याचं पत्र घे.

सिडकोचा मामा
बापरे. टॅबवर सेल्फी आमच्याही भाचीचा घेतलाय. ओटीपी दिला नाही, कारण तिचा फोन घरी चार्जिंगला होता. देव पावला.

मिसळ विथ दही
अवांतर: नाशिकमध्ये कुठलाही सल्ला हवा तर आधी मिसळ. कॉलेज रोडला भेटू या का सगळे?

वाचनमात्र बबन
धाग्याची मिसळ झालीच आहे, पाव आण.

पतपेढीतला
सगळे मुंबई-पुण्याचं बोलताहेत. जिल्ह्यातलं फायनान्स मीही सांगतो. पिंपळगावकडच्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात १४ वर्षं झाली.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा घेतला, हुशार, भारीपैकी सर्टिफिकेट, प्रेझेंटेशन तर असं की संचालक मंडळ गप्प. त्याने द्राक्षबागायतदारांच्या कर्जाची नवी शीट केली. बारा समान मासिक हप्ते, रंगीत आलेख. मी म्हटलं, अरे, बागायतदाराला पैसा दिसतो कधी? एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, मजुरी, औषधं, अवकाळीची धास्ती, सगळा खर्च आधी. पैसा येतो फेब्रुवारी-मार्चच्या आसपास, एकदाच, तोही व्यापारी चेक देऊन गायब झाला नाही तर. तू जूनचा हप्ता मागतोस तेव्हा तो दुकानदाराकडून औषध उधार आणत असतो. बँकासुद्धा पीककर्जाच्या थकबाकीला ९० दिवसांचा नियम (तेवढे दिवस थकलं की कर्ज बुडीत धरायचा) लावत नाहीत, हंगाम मोजतात.

त्याने ऐकलं नाही असं नाही. उलट दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीवर मागे बसला. आठ बागा फिरला, प्रत्येकाच्या वहीतला खर्च उतरवला, दोन ठिकाणी घडही तोडू लागला. परत येऊन शीट बदलली: खर्च महिनावार, वसुली मार्च-एप्रिलला, आणि भाव २० टक्के पडला तर काय, असा एक रकाना. तो रकाना मला कधी सुचला नव्हता, तो त्याच्या कोर्सातून आला. आज आमच्याकडचं प्रत्येक बागेचं कर्ज त्याच शीटवर होतं. तेव्हा कोर्स वाईट असं मी म्हणणार नाही. गाडीवर मागे बसायची तयारी मात्र हवी.

एआरएनधारक
काय प्रतिसाद आहे! वाचनखूण साठवली.

अंबडचा कॉस्टिंगवाला
नाशिकमध्येच राहायचं असेल तर सीएमएकडे (कॉस्ट अकाउंटंटचा कोर्स, जुनं आयसीडब्ल्यूए) लोक का बघत नाहीत कळत नाही. अंबड-सातपूरला शेअर बाजार नाही, पण प्रत्येक शेडमध्ये 'हा पार्ट आपल्याला पडतो कितीला' हा प्रश्न रोज आहे. वेळ लागतो, दमवणारं आहे, सहा महिन्यांत होत नाही. म्हणून त्याचे फ्री सेमिनार नसतात.

गोदाकाठची
फुकटातलं हवं असेल तर स्वयम्-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर अकाउंटिंग, फायनान्सचे कोर्स आहेत. अभ्यास फुकट, प्रमाणपत्राची परीक्षा हवी तर हजारभर रुपये. मी एक केला. मास्तर एकसुरी, पण माणूस आपल्याला विषय यावा म्हणूनच बोलतोय हे कळतं.

ताळेबंद
मामा, भाचीला काय आवडतं हे अजून तुम्ही सांगितलंच नाही. तिला विचारलंत का?

सिडकोचा मामा
(तीन आठवड्यांनी)
उशिराबद्दल क्षमस्व. ताळेबंद यांच्या प्रश्नावर लाज वाटली, कारण विचारलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "मामा, मला शेअरबिअर नको, कुणाचा हिशेब चुकलाय ते शोधायला आवडतं." कॉलनीतल्या गणेश मंडळाचा हिशेब तीच ठेवते, हे मला त्या दिवशी कळलं. मागच्या वर्षीच्या मंडपाच्या बिलात तिने १,८०० रुपये जास्त लागलेले पकडले होते.

तर आम्ही धागा छापून तिच्यासोबत क्लासात गेलो. तिने तीनच प्रश्न विचारले. मागच्या दोन बॅचमधल्या चार मुलांचे फोन नंबर मिळतील का, एक्सेल एकूण किती तास आहे, आणि फी हप्त्याने भरली तर करार तुमच्याशी की दुसऱ्या कंपनीशी. पहिल्याला 'डेटा प्रायव्हसी', दुसऱ्याला १२ तास, तिसऱ्याला कॉफी आली.

८५ हजार वाचले. सध्या शरणपूर रोडच्या एका सीएंच्या ऑफिसात दुपारी दोन ते सात जाते, महिना ६ हजार. पहिल्या दिवशी एका कांदा व्यापाऱ्याच्या बिलांचं खोकं पुढ्यात ठेवलं आणि खरेदीची बिलं जीएसटीच्या २-बी या यादीशी जुळवायला सांगितली. खोक्याच्या तळाला कांद्याची सालं आणि लग्नाची एक पत्रिका निघाली. जीएसटी रिटर्नच्या २० तारखेपर्यंत रात्री साडेनऊला घरी येत होती, ताई वैतागली, पोरगी खूश. ५-ए चं वर्कबुकही उतरवून घेतलंय, पण ते परीक्षा झाल्यावर. सीएमएची माहिती काढतेय, अंबडच्या दादांना व्यक्तिगत निरोप करेल.

पतपेढीतला
कांद्याची सालं निघाली म्हणजे बिलं खरी आहेत.

दिंडोरीकर
टोकनचे ५ हजार परत मिळाले का?

सिडकोचा मामा
नाही. म्हणतात पुढच्या कुठल्याही बॅचला ॲडजस्ट करू. भाचीने काल त्यांना मेल टाकलाय. सोबत एक्सेलची शीट जोडलीये, टोकन भरल्याच्या दिवसापासून रोजच्या व्याजासकट.